खिदिरपूरच्या धक्क्यावर उतरलेली गाणी

घरातल्या पोराच्या कानात दिवसभर इअरफोन. त्यात वाजतं तरी काय? 'बडबड' म्हणून सोडून द्यायचं, की जरा कान द्यायचा? कोलकात्याच्या खिदिरपूरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलानं आमच्या हातात दहा नावांची यादी ठेवली. ती ऐकता ऐकता काय काय सापडलं, त्याची ही गोष्ट.

"हे गाणं आहे? अरे, ही नुसती बडबड आहे बडबड!"

दादाचा आवाज चढला तशी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुतण्यानं काही न बोलता टेबलावरची वही उचलली, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. ताटातली पोळी तशीच राहिली.

कोलकात्यात माझी आत्या राहते, खिदिरपूरला. आतोबा गोदीत नोकरीला लागले आणि लग्नानंतर आत्याही इकडेच आली, ती आली ती कायमचीच. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, इथेच वाढला. जहाजांच्या मालाची कागदपत्रं सोडवणाऱ्या एका कचेरीत तो काम करतो. त्याचा मुलगा यंदा बारावीला आहे. घरात त्याला सगळे 'खोका' म्हणतात. बंगालीत खोका म्हणजे लहान मुलगा. आपल्याकडे खोका म्हटलं की काय आठवतं ते सोडा! तर हा खोका आईशी बंगाली बोलतो, आजीशी मराठी, गल्लीत हिंदी-उर्दू आणि वहीत या सगळ्या भाषा एकत्र करून रॅप लिहितो.

भांडणाचं मूळ ती वही. सहामाहीत गणिताचे गुण घसरले. दप्तर तपासताना दादाच्या हाती ती लागली. अर्धी वही गणितं, उरलेली अर्धी गाणी! दादानं मागची पानं फाडली. तेव्हापासून बापलेक एका टेबलावर जेवत नाहीत. आत्या मला म्हणाली, "तू एवढं छापून येण्यासारखं लिहितेस, लोक तुझं वाचतात. मग याला समजाव की जरा!"

कुणाला समजावायचं, हे मात्र तिनं सांगितलं नाही. मुलाला की बापाला?

दहा गाण्यांचा करार

खरं सांगायचं तर माझीही बाजू दादाचीच होती. रॅप म्हणजे सोन्याच्या साखळ्या, काळे चष्मे आणि शिव्या, एवढंच माझं ज्ञान. 'इंडी' हा शब्द ऐकला होता, पण त्याचा अर्थ विचारला असता तर फजिती झाली असती. मुलाशी बोलायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं, म्हणून रात्री दार वाजवलं आणि सरळ सौदा केला. "तुला आवडणारी दहा नावं मला दे. गाणी दे, अल्बम दे. मी सगळी ऐकेन, मध्येच बंद करणार नाही. बदल्यात माझं एक गाणं तू ऐकायचंस."

त्यानं पाच मिनिटं विचार केला. मग त्याच फाटक्या वहीचं एक पान काढून यादी लिहून दिली. वर म्हणाला, "आत्तू, ही घरात बसून ऐकायची नाहीत. उद्या चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खिदिरपूर पालथं घालायला निघालो. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, दुसरं माझ्या.

जहाजांचं गाव

मुंबईकराला खिदिरपूर समजावून सांगायचं तर माझगाव, भेंडीबाजार आणि मनीष मार्केट एकत्र कालवा! हुगळीकाठी १८९२ मध्ये इथली गोदी सुरू झाली. गावाच्या नावाबद्दल दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, इंग्रजी अमदानीतल्या किड नावाच्या साहेबावरून ते पडलं. कुणी म्हणतं, पाण्यावरच्या प्रवाशांची राखण करणाऱ्या ख्वाजा खिज्रवरून पडलं. नावाड्यांच्या गावाला दुसरी गोष्ट जास्त शोभते.

कोलकात्याची पहिली विजेवरची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी धावली ती एस्प्लनेडपासून या खिदिरपूरपर्यंत. आता या मार्गावर ट्राम नाही. २०२० च्या अंफान वादळानंतर तिची खडखड थांबली. फॅन्सी मार्केट मात्र आहे. एके काळी परदेशी घड्याळं, जीन्स, टेपरेकॉर्डर हवे असले की सारं कोलकाता इथे धावायचं. बोटीवरून उतरलेला माल इथल्या गाळ्यांत यायचा. आतोबांनी बोनसच्या पैशांतून घेतलेला टू-इन-वन याच बाजारातला. तो अजून आत्याच्या कपाटावर आहे, झाकण तुटलेला.

"पण गाणी काय फक्त पेटीतून उतरतात?" खोकानं विचारलं आणि मला नदीकडे घेऊन गेला.

इथला एक घाट सुरिनाम घाट म्हणून ओळखला जातो. इंग्रजांच्या काळात बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या हजारो गरिबांना करारावर मजूर म्हणून याच किनाऱ्यावरून जहाजात भरलं गेलं. 'अॅग्रीमेंट'चा उच्चार त्यांनी 'गिरमिट' केला आणि ते स्वतः झाले गिरमिटिया. १८४५ मध्ये 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला गेलं. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' सुरिनामला गेलं. एकट्या त्रिनिदादला गेलेल्यांची संख्या १ लाख ४० हजारांच्या वर आहे. घाटावर २०१५ पासून 'माई-बाप' स्मारक उभं आहे. गाव सोडून निघालेलं एक जोडपं, हातात फक्त गाठोडं.

त्या गाठोड्यात काय मावणार? पण गाणी मावली! सोहर, बिरहा, लग्नातली गाणी, चौताल. उसाच्या मळ्यात ती जिवंत राहिली, तिथल्या ढोलांशी आणि कॅलिप्सोशी त्यांचं लगीन लागलं. सुंदर पोपो नावाच्या त्रिनिदादच्या गायकानं १९७० च्या सुमारास 'नाना अँड नानी' गायलं, द्रौपदी रामगुनाई या गायिकेनं १९८७ मध्ये 'चटणी सोका' आणलं आणि या प्रकाराला जगभर नाव मिळालं ते 'चटणी' संगीत. आजीच्या भोजपुरी गाण्याची आंबट-गोड चटणी!

उलट बाजूनंही इथे गाणी उतरली आहेत. खिदिरपूरला लागून असलेल्या मेटियाब्रुजला १८५६ मध्ये राज्य गमावलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह आला. त्याच्या मागोमाग ठुमरी आली, कथक आलं, पतंगही आले. शिवाय ज्या मायकेल मधुसूदन दत्तांनी 'मेघनादवध' लिहून १८६१ मध्ये बंगाली कवितेतली यमकाची सक्ती मोडली, त्यांचं पोरवय याच खिदिरपूरच्या घरात गेलं. 'ही काय कविता झाली?' असं त्यांनाही विचारणारे भेटलेच.

खोका हसत म्हणाला, "बघ आत्तू, आमच्या गल्लीला जुनी सवय आहे!"

बहिणीच्या कपड्यांसाठी

हिप-हॉपचा जन्म कसा झाला, हे त्यानं मला पुलावर उभं राहून सांगितलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत जमैकाहून आलेलं एक कुटुंब राहायचं. शाळा सुरू होणार होती आणि मुलीला नवे कपडे हवे होते. म्हणून तिनं इमारतीच्या खालच्या दालनात नाचगाण्याची पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट तिकीट, मुलांना ५०. गाणी लावायला बसला तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, लोकांचा 'डीजे कूल हर्क'. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की लोक बेभान नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग दोन तबकड्या वापरून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला आणि त्यावर माइकमधून आरोळ्या देऊ लागला. तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. त्या तालावर बोलणं म्हणजे रॅप. रॅप, तबकड्यांची करामत, नाच आणि भिंतीवरची चित्रं मिळून हिप-हॉप.

'लल्ला रूख' सुटलं १८७३ मध्ये, ही पार्टी झाली १९७३ मध्ये. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण गोष्ट तीच. घर सोडून आलेली माणसं, खिशात पैसे नाहीत, गाण्यावर मात्र हक्क आपला!

आणि 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिमतीवर केलेलं गाणं. ते मंद असेल, धडाकेबाज असेल, गिटारवर असेल नाही तर डफावर. घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचं आणि फोनवरच्या अॅपमधून थेट लोकांपर्यंत पोचवायचं. हिरो-हिरॉईनच्या तोंडी घालायचं नाही, म्हणून शब्द स्वतःचे.

यादी उघडली...

पहिलं नाव तमिळ होतं : 'एंजॉय एंजामी'. गायिका धी आणि कवी-गायक अरिवु, २०२१ सालचं गाणं. "शब्द कळणार नाहीत. तरी ऐक," असं बजावून त्यानं ते लावलं. ठेका असा की पाय आपोआप हलतो. मागून त्यानं गोष्ट सांगितली. अरिवुची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली बाई. जमीन कसली, मळे फुलवले, पण नावावर काहीच नाही. तिच्या पिढीच्या कष्टांचं आणि रडगाण्याचं हे गाणं झालं. सुरिनाम घाटावर उभं राहून ते ऐकताना अंगावर काटा आला, हे कबूल केलंच पाहिजे. घरात सगळ्यांनी मिळून ऐकायची सुरुवात याच गाण्यानं करावी.

दुसरं 'बिग डॉग्ज'. हनुमानकाइंड हे नाव घेतलेला मल्याळी तरुण, अमेरिकेत ह्यूस्टनला वाढलेला. २०२४ मधलं हे इंग्रजी गाणं जगभर वाजलं. शब्दांत थोडा उद्दामपणा आहे, अधूनमधून शिवीही. पण चित्रीकरण बघाच. आपल्या जत्रेतली मौत की विहीर! केरळच्या पोन्नानीत खऱ्या विहिरीत, खऱ्या कसरतपटूंबरोबर केलेलं. गाडी भिंतीवरून फिरते आणि मधोमध हा उभा राहून गातो. आपण तिकीट काढून वरून वाकून पाहिलेला खेळ परदेशातल्या पोरांना नवा वाटला.

मग आली आपली मुंबई. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं हातातल्या आयपॅडवर बनवलं. स्टुडिओ नाही, वादक नाहीत. पुढच्याच वर्षी त्यानं आणि अंधेरीच्या डिव्हाइननं 'मेरे गली में' केलं. २०१९ मध्ये 'गली बॉय' हा सिनेमा आला तो या मुलांच्या आयुष्यावरून सुचलेला. सिनेमा बघितलेल्यांनी मूळ गाणी जरूर ऐकावीत. त्यांत कुर्ल्याची धूळ जास्त आहे.

पाचवं नाव वाचून मात्र मीच चमकले. 'द वारली रिव्होल्ट'. चक्क मराठी! 'स्वदेशी' हा मुंबईचा अनेक भाषांत गाणारा गट आहे. त्यात एम. सी. मवाली मराठीत गातो. या गाण्यात त्यांच्यासोबत आरे कॉलनीच्या पाड्यावरचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर आहेत. साल २०१९. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्यावरून मुंबई पेटली होती, त्याच वर्षीचं. पाड्यावरच्या माणसाचा खणखणीत सूर आणि त्याखाली रॅपचा ठोका. जंगल कुणाचं, हा प्रश्न त्यात इतक्या साध्या भाषेत विचारला आहे की शाळकरी पोरालाही कळावा. याच गटात गुजरातीत गाणारा एम. सी. तोडफोड होता. मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. त्याचं नाव सांगताना खोकाचा आवाज खाली आला. कोलकात्याच्या मुलाला मुंबईच्या गुजराती पोराचं एवढं दुःख? पण ही मुलं एकमेकांना अशीच ओळखतात. भाषा विचारत नाहीत.

त्याच गटातला सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. '१०० आरबीएच' असं नाव लिहितो. शंभरला हिंदीत 'सौ' म्हणा आणि पुढची इंग्रजी अक्षरं सलग वाचा, सौरभ होतं! वऱ्हाडाच्या मातीतला हा मुलगा टीव्हीवरच्या रॅपच्या स्पर्धेतही दिसला.

कोलकात्याचा सूर

सहावं गाणं खिदिरपूरच्या जवळचं, बंगालीतलं. 'मिडल क्लास पांचाली', गायक सिझी. पांचाली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. बंगाली घरात दर गुरुवारी लक्ष्मीची पांचाली वाचतात. आपल्याकडे श्रावणात कहाणी वाचतात ना, तशी. पण पद्यात आणि ठरलेल्या चालीत. सिझीनं तो शब्द घेतला आणि आतली देवीची कहाणी काढून मध्यमवर्गीय कोलकात्याची कहाणी घातली. आत्याची शेजारीण गाण्याचं नाव ऐकून आधी दचकली, मग खुदकन हसली!

सातवा आख्खा अल्बम : 'ओशन', २०१६, गायक पारेख अँड सिंग. निश्चय पारेख आणि जीवराज सिंग ही कोलकात्याची जोडी इंग्रजीत गाते. झुळकीसारखा हलका आवाज, रंगीत सूट आणि खेळण्यातल्या घरासारखे व्हिडिओ. लंडनच्या कंपनीनं त्यांना जगात नेलं. जीवराजची आई जयश्री सिंग याही कोलकात्याच्या नावाजलेल्या बँडच्या गायिका. दोघं मायलेक एकाच बँडमध्येही वाजवत-गात होते. घरात गाण्यावरून भांडण असेल तर हे उदाहरण टेबलावर ठेवायला बरं! संध्याकाळी दिवे लावताना, चहा करताना हा अल्बम मागे वाजत राहिला तर कुणाची तक्रार येणार नाही. २०१९ चा 'सायन्स सिटी' हा त्यांचा पुढचा अल्बमही तसाच.

आठवा 'दोफन', म्हणजे दफन. 'व्हेल इन द पाँड' या कोलकात्याच्या बँडचा २०२० चा अल्बम. जग संपताना माणसं काय बोलतील, असा विषय. ऐकायला मात्र भीतीदायक नाही. गिटार, मंद आवाज आणि मध्येच सिल्हेटी बोली. हा अल्बम एकट्यानं, रात्री ऐकायचा. लहान मुलांबरोबर नको.

नववं 'कोल्ड मेस'. जयपूरचा प्रतीक कुहाड. प्रेम तुटत चाललंय पण सोडवत नाही, अशा अवस्थेचं इंग्रजी गाणं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१९ च्या आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते घातलं, तेव्हा अनेक आईबापांनी पहिल्यांदा हे नाव ऐकलं. हिंदी हवं असेल तर त्याचंच 'कसूर' ऐका. आपल्या जुन्या भावगीतांवर प्रेम असलेल्यांना ते परकं वाटणार नाही.

आणि शिव्यांचं काय?

दहावं नाव एम. सी. स्टॅन. अल्बम 'इन्सान', २०२२. पुण्याच्या वस्तीत वाढलेला अल्ताफ शेख. लहानपणी कव्वाली गायला, पुढे रॅपकडे वळला आणि २०२३ मध्ये 'बिग बॉस'चा विजेता झाला. त्याच्या बऱ्याच गाण्यांत शिव्या आहेत आणि त्या आडून-पाडून नाहीत. हे मी इथे लपवणार नाही. बायकांबद्दल येणारे काही उल्लेख मला खटकले. ते मी खोकाला तोंडावर सांगितलं.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "मलाही सगळं आवडत नाही, आत्तू. पण पुण्याच्या गल्लीतलं पोरगं स्वतःच्या बोलीत, न लाजता गातं, ते आवडतं. मी तसं लिहिताना शिव्या घालत नाही. बाबांनी फाडण्याआधी वाचलं असतं तर कळलं असतं त्यांना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपण मुलांची गाणी बंद करतो ती बहुतेक वेळा न ऐकताच. मुलगाही मग चांगलं-वाईट आपल्याशी बोलायचं सोडतो आणि इअरफोन आणखी आत खुपसतो. त्यातली नको ती गोष्ट ओळखायला त्याला मदत करायची, तर त्याच्या शेजारी बसून ऐकायला नको का?

कपाटावरचा टू-इन-वन

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाली. यादी मी मोठ्यानं वाचून दाखवली. दादा वर्तमानपत्राआड. खोका दाराशी.

आत्या एकदम म्हणाली, "ब्याण्णव साल आठवतं का रे तुला?"

वर्तमानपत्र हललं नाही.

"सुमनची कॅसेट आणली होतीस, 'तोमाके चाई'. दिवसभर तीच. एकटा माणूस, हातात गिटार आणि ट्राम, चहा, रस्ता असल्या गोष्टींवर बोलल्यासारखं गायचा. तुझे बाबा कामावरून आले आणि म्हणाले, 'हे काय गाणं? नुसतं बोलणं!' कॅसेटची फीत ओढून काढली होती त्यांनी. तू रात्रभर पेन्सिलीनं गुंडाळत बसला होतास."

खोलीत कुणी बोललं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुमन चट्टोपाध्याय, पुढचे कबीर सुमन, यांच्या १९९२ च्या त्या अल्बमनं बंगाली गाण्याची वाट बदलली. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय आणि मित्रांनी 'मोहीनेर घोडागुली' हा बँड काढला. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतलं. तेव्हा त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. वीस वर्षांनी पुढच्या पिढीनं त्यांची गाणी डोक्यावर घेतली. त्यांच्याच 'पृथिबीटा नाकी' या गाण्यावरून २००६ च्या 'गँगस्टर' सिनेमातलं 'भीगी भीगी' तयार झालं. म्हणजे तुम्ही-आम्ही त्यांना ऐकलंय, नाव तेवढं ठाऊक नव्हतं!

माझं एक गाणं

करार माझ्याही बाजूनं पाळायचा होता. मी खोकाला गाणं दिलं ते अण्णा भाऊ साठ्यांचं. बाबांनी लिहून ठेवलेली जुनी वही मी येताना आणली होती. त्यातला पोवाडा : 'बंगालची हाक'. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. तेव्हा मुंबईच्या कामगार वस्तीतल्या या शाहिरानं डफावर बंगालचं दुःख मराठी माणसांना सांगितलं. घरदार सोडून वाटेगावाहून चालत मुंबईला आलेला माणूस, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला. सिनेमा पाठीशी नाही, कंपनी नाही. हातात फक्त ताल आणि तोंडात शब्द. आजच्या भाषेत, इंडी!

मी वाचायला लागले. चाल मला नीट येत नाही, म्हणून अडखळत होते. तिसऱ्या कडव्याला खोकानं टेबलावर बोटांनी ठेका धरला. मी ठेक्यात आले. आत्या मान डोलवू लागली. पोवाडा संपला तसा तो म्हणाला, "आत्तू, हा तर आमच्या बंगालवर केलेला मराठी रॅप आहे! हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

खरंच, का नाही सांगितलं? आपला पोवाडा आपण एक मे आणि शिवजयंतीपुरता कपाटात ठेवला. पोरांनी मग ताल शोधला ब्राँक्समध्ये.

दादानं वर्तमानपत्राची घडी घातली. काही बोलला नाही. उठला आणि झोपायला गेला. मला वाटलं, गेले तीन दिवस वाया!

सकाळी निघताना बॅग आवरत होते. आतल्या खोलीतून 'द वारली रिव्होल्ट'चा ठेका ऐकू येत होता. इअरफोन न लावता, मोठ्यानं. दादा दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "खोका, आवाज थोडा कमी कर."

'बंद कर' म्हणाला नाही! आणि टेबलावर एक नवी वही होती. दोनशे पानी. पहिल्या पानावर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं : 'गणित वेगळ्या वहीत.'

घरी ऐकायचं तर...

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा खोका किंवा खुकी असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

• सुरुवात मुलाच्या यादीनं करा, तुमच्या उपदेशानं नको. दहा नाही, तीन गाणी पुरेत.

• सगळ्यांनी मिळून ऐकायला : 'एंजॉय एंजामी', 'द वारली रिव्होल्ट' आणि पारेख अँड सिंग यांचा 'ओशन'. सणासुदीला नाचायला क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ चं 'तांबडी चामडी' लावा. मराठी बोल आणि परदेशी धाटणीचा ठेका असलेलं हे गाणं हॉलंडच्या कंपनीनं बाजारात आणलं.

• मोठ्या मुलांबरोबर, चर्चा करत ऐकायला : 'आफत', 'मेरे गली में', 'मिडल क्लास पांचाली', 'बिग डॉग्ज'.

• शिवराळ शब्द असलेल्या गाण्यांपुढे अनेक अॅप 'ई' हे इंग्रजी अक्षर दाखवतात. लहान मुलांसाठी अशी गाणी बंद ठेवायची सोयही बऱ्याच अॅपमध्ये असते. ती वापरा, पण मोठ्या मुलाशी बोलल्याशिवाय नको.

• गाण्याचा अर्थ मुलाला विचारा. शिक्षक तो, विद्यार्थी तुम्ही! या भूमिकेत मुलं फार खुलतात.

• आणि बदल्यात तुमचं एक गाणं द्या. ओवी द्या, भारूड द्या, लावणी द्या. कोणता ताल कुणाच्या कानात कुठे जाऊन रुजेल, सांगता येत नाही.

खिदिरपूरच्या घाटावरून गाठोडं घेऊन निघालेल्यांना तरी कुठे माहीत होतं?